मीठ बघा बरं

आमच्या गल्लीत पदार्थ साधला तर पहिली वाटी शेजारी जायची आणि फसला तर गाईला. कुणाचं काय फसलं हे त्यामुळं फक्त गाईला ठाऊक, आणि दुपारी ओट्यावर जमलेल्या बायका एकजात सुगरणी. मी लग्न होऊन बार्शीहून धाराशिवला आले आणि या सुगरणींच्या घोळक्यात जाऊन पडले, तेव्हा मला धड पिठलं येत नव्हतं. गुठळ्या व्हायच्या. आमचे हे शाळेत मास्तर. मुलांची एक वेलांटी चुकली तरी लाल शाईनं वही रंगवणारा माणूस, पण पानातल्या गुठळ्या मुकाट्यानं गिळायचा. ते गिळणं बघूनच मी ओट्यावर जायला लागले.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या उतरल्या होत्या, जुने कारकून नव्या साहेबांपुढे चाचरत होते. बायकांच्या तोंडातली उर्दू मात्र कुणी उतरवली नव्हती. फोडणीला बघार म्हणायचं, चांगल्या पदार्थाला मजेदार म्हणायचं आणि करपलेल्याला बरबाद. बार्शी काही फार लांब नाही, पण पहिले काही महिने मी निम्मं बोलणं अंदाजानंच समजून घेत होते.

ओटा सुभद्रावैनींचा, म्हणजे वकिलांच्या घराचा. पुरुषमाणसं कामावर गेली, भांडी झाली, की तिथं बैठक भरायची. हातात काहीतरी असायचंच, निवडायची डाळ, सोलायच्या शेंगा नाहीतर वळायच्या शेवया. आणि तोंडात एकच विषय: काल मी करून बघितलं. कुणी अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालून बघितल्या, कुणी माहेरून आलेल्या येसराच्या पिठाची आमटी केली. पोस्टातल्या लीलाताईंचं आजोळ पुण्यात, त्यामुळं नवीन पदार्थांचा मक्ता त्यांच्याकडे. त्यांनी तव्यावर वाळू पसरून, त्यावर डबा ठेवून केक करून बघितला तेव्हा तीन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. केक निम्मा कच्चा होता. गाईनंही शेवटी तोंड फिरवलं असं सुभद्रावैनी म्हणायच्या, पण ते लीलाताई घरी गेल्यावर.

या बैठकीत पेशकारीणकाकू कडेला, पायरीवर बसायच्या. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. यजमान जुन्या राज्यात कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून, होते म्हणून या पेशकारीण. राज्य गेलं, पेशकाराची जागा गेली, पेशकारही गेले, आणि बाईच्या अंगाला नाव तेवढं चिकटून राहिलं. उंच, काटकुळ्या, चाळिशीच्या आसपासच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. वकिलांच्या घरामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. अणदूरला भाऊ होता, तो सुगीला ज्वारीची आणि तुरीची पोती टाकून जायचा आणि बहिणीच्या तोंडाकडे फारसं न बघता परत निघायचा.

माझी त्यांची पहिली गाठ माझ्याच दारात पडली. मी नवी नवरी, पदर सावरत दार उघडलं तर या उभ्या. हातात पितळी वाटी, वर पळसाचं पान. आत या, बसा म्हटलं तर मान हलवली. त्या कुणाच्याच घरी टेकायच्या नाहीत हे मला नंतर कळलं. वाटी पुढं केली आणि म्हणाल्या, "खट्टी दाळ केली. मीठ बघा बरं."

मी बोटानं चाटली. चिंचेची, कढीलिंबाची, असली डाळ मी जन्मात खाल्ली नव्हती. मी अगदी मनापासून म्हटलं, छान झालीय.

"छान नको. मीठ सांगा."

मी बरोबर आहे म्हटलं. बाईंचा चेहरा सैल पडला. त्यांनी वाटीतली डाळ माझ्या पातेल्यात ओतली, वाटी घेतली आणि चालत्या झाल्या. मला रागच आला. मनात म्हटलं, ही स्तुती मागायची नवी तऱ्हा दिसते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी तेच, तिसऱ्या दिवशी पलीकडे तेच. रोज काहीतरी नवं करायचं आणि वाटी घेऊन दारोदार मीठ विचारत फिरायचं. आणि मीठ एकदाही कमीजास्त नसायचं. तळव्याच्या खळगीत घेऊन त्या घालायच्या, त्यांची खळगी कधी चुकायची नाही.

ओट्यावर कृती सांगतानाही त्यांची एक खोड होती. बाकीच्या बायका कृती सांगताना निम्मं सांगायच्या आणि निम्मं गिळायच्या. लीलाताई तर साखर किती हे विचारलं की चक्क विषय बदलायच्या. काकू सगळं सांगायच्या. डाळ किती शिजवायची, चिंच कधी घालायची, लसूण कुठवर लाल करायचा. आणि शेवटी थांबायच्या. मीठ तुमचं तुम्ही बघा, म्हणायच्या. कुठल्याही पदार्थाची कृती असो, त्यात मीठ नाही. लीलाताई मला हळूच म्हणाल्या होत्या, सुगरणबाई एक जिन्नस राखून ठेवतेच, या मीठ ठेवतात. मला ते पटलं होतं.

खरी गोष्ट सुभद्रावैनींनी सांगितली, शेवया वळताना. पोलिस ॲक्शनच्या आधी थोडे दिवस पेशकार कचेरीचे कागद घेऊन हैदराबादला गेले होते. चार दिवसांत येतो म्हणून गेले. मग पलटण आली, राज्य बदललं, कितीतरी माणसं गेली आणि कितीतरी परत आली. पेशकार आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. कुणी म्हणायचं दंग्यात सापडले, कुणी म्हणायचं पटकीनं गेले. काकूंचा भाऊ हैदराबादला जाऊन शोधून आला, काही हाती लागलं नाही. तेव्हा काकू एकट्या पायी तुळजापूरला गेल्या आणि देवीपुढं बोलून आल्या, त्यांची खुशाली कळेपर्यंत मिठाचा खडा तोंडात घालणार नाही.

माझ्या हातातली शेवई तुटली. म्हणजे ही बाई सगळ्या गल्लीला चविष्ट खाऊ घालते आणि स्वतः अळणी भाकरी दुधात कुस्करून खाते. आपण केलेल्या खट्टी दाळीची चव हिला ठाऊकच नाही. मीठ विचारते ती स्तुतीसाठी नव्हे. तिला खरोखरच कळत नाही.

त्यानंतर काकू दारात आल्या की मी डाळ नीट जिभेवर धरून, डोळे मिटून, खरं ते सांगायला लागले. काकूंनाही ते कळलं असावं. माझ्या दारात त्या जरा जास्त वेळ उभ्या राहायला लागल्या. एकदा मी विचारलं, एकट्या माणसानं एवढं पातेलंभर कशाला करायचं? त्या म्हणाल्या, वाटीभर आमटीला बघार बसत न्हाई. फोडणी घालायची तर खाणारी चार माणसं पाहिजेत, न्हाईतर तेलच वर तरंगतं. त्यांच्या बोलण्यात स्वयंपाकाशिवाय दुसरं काही नसायचं, आणि तरी मला कितीतरी वेळा वाटायचं की बाई दुसरंच काही सांगतेय.

एक पदार्थ मात्र त्या करायच्या नाहीत. बघारी वांगी. लग्नानंतर दोन-तीन वर्षं पेशकारांची नोकरी हैदराबादेत होती, तिथं त्या हे शिकल्या होत्या. सुभद्रावैनींनी जुन्या दिवसांत ती वांगी खाल्ली होती आणि त्यांचं वर्णन करताना त्या अजून आवंढा गिळायच्या. मी खूप मागं लागले. निदान कृती तरी सांगा म्हटलं. काकू हसल्या. त्यांचं हसणं ओठाच्या एकाच बाजूनं असायचं. म्हणाल्या, ते आल्यावर करीन, तवा या जेवायलाच.

मग लीलाताईंच्या लेकीचं डोहाळजेवण आलं. सगळी गल्ली राबत होती. कढी काकूंकडे होती, केवढं तरी मोठं पातेलं. काकूंनी खळगी मोजून मीठ घातलं आणि पाणी आणायला वळल्या. तेवढ्यात लीलाताईंच्या जाऊबाई, भारी कामसू बाई, आल्या आणि मीठ घालायचं राहिलं असेल म्हणून त्यांनीही मूठभर घातलं. काकू परत आल्या. रीतीप्रमाणं वाटीत कढी घेऊन त्यांनी लीलाताईंपुढं धरली. लीलाताईंच्या एका हातात फुलांची वाडी, दुसऱ्या हातात वेणी. न चाखताच त्या झकास म्हणून मोकळ्या झाल्या.

पंगत बसली. कढी तोंडात घेतली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुभद्रावैनींकडे बघितलं, त्या भाताकडे बघत होत्या. एकाही बाईनं चकार शब्द काढला नाही. उलट दोघीतिघींनी कढी वाहवा झालीय म्हणून काकूंना सांगितलं. एकीनं तर कृती विचारली. काकू वाढत राहिल्या आणि आम्ही पाणी पीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर आल्या त्या बसल्याच नाहीत. पंगतीच्या आधी त्यांनी स्वतः रांजण भरला होता, आणि पंगत उठायच्या आत तो खडखडीत झाला होता. त्यांनी एकेकीला विचारलं, कालच्या कढीत मीठ कसं होतं? सगळ्यांनी सांगितलं, बरोबर होतं. मीही तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. काकूंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"तुमच्या जिभेनं मी चव घेतेय," त्या म्हणाल्या. "तुमीच खोटं बोलाया लागल्यावर मी कुणाला विचारू?"

आवाज चढलेला नव्हता. लीलाताई रडायला लागल्या. मग त्यांनीच सांगितलं, कढी खारट झाली होती काकू, आगरासारखी. मी चाखलीच नव्हती. काकूंनी मान हलवली, खाली बसल्या आणि शेंगा सोलायला घेतल्या. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत एक गोष्ट न बोलता ठरली. एकमेकींच्या पदार्थांबद्दल आम्ही पूर्वीसारख्याच थापा मारत राहिलो, तो काही सुटणारा रोग नव्हता. पण काकूंना खरं सांगायचं. कमी असलं तर कमी, जास्त असलं तर जास्त.

आणि त्याच ठरावानं पुढं आम्हाला पेचात धरलं.

सुभद्रावैनींचा भाऊ लातूरचा, कापडाचा व्यापारी. मालासाठी हैदराबादला जायचा. एकदा तो येताना बहिणीकडे उतरला आणि जेवता जेवता त्यानं सांगितलं की मला पेशकार भेटले. लाकडाच्या एका वखारीत मुनीम आहेत. अंग सुटलंय, केस पांढरे झालेत, पण तेच, शंकाच नाही. ओळख दिल्यावर त्यांनी चहा पाजला. मागं घर होतं, घरात बाई होती, दोन पोरं अंगणात खेळत होती आणि त्यांना अब्बा नव्हे, दादा म्हणत होती, म्हणजे आपल्यातलीच बाई असावी. वैनींच्या भावानं धाराशिवचा विषय काढायचा प्रयत्न केला. पेशकारांनी मान खाली घातली आणि दुसरा चहा मागवला.

वैनींनी हे आधी मला आणि लीलाताईंना सांगितलं. लीलाताईंचं म्हणणं, सांगूच नये. बाई आशेवर तरी जगतेय. वैनी म्हणाल्या, आशेवर न्हाई, अळणीवर जगतीय. मला काय वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सांगावं असंही वाटत होतं आणि आपण तिथं नसावं असंही वाटत होतं. शेवटी वैनी म्हणाल्या, कढीचं खरं सांगायचं ठरवलंत, मग याचं खोटं कसं बोलायचं? आणि त्या उठल्याच. आम्ही दोघी मागं.

काकू मागच्या अंगणात सुपात तूरडाळ पाखडत होत्या. वैनी समोर बसल्या आणि त्यांनी काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. वखार, घर, बाई, पोरं. सूप थांबलं होतं. काकूंनी विचारलं, तब्येत कशी आहे? वैनी म्हणाल्या, बरी आहे, अंग सुटलंय म्हणे. आणि जुना खोकला? काकूंनी पुन्हा विचारलं. भाऊ काही बोलला नाही त्याबद्दल, म्हणजे नसेल. काकूंनी डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मग नवस फेडाया पाहिजे," त्या म्हणाल्या.

लीलाताईंना हुंदका आवरेना. काकूच त्यांची समजूत घालत असल्यासारख्या बोलायला लागल्या. "देवीनं तिचं काम केलं. तिला बोल लावून कसं चालंल? मी एवढंच मागितलं होतं, त्यांची खुशाली कळू दे. परत आणून दे असं म्हटलंच न्हाई. तवा वाटलं, खुशाल असले तर घरीच येतील, निराळं कशाला मागायचं."

एवढं बोलून त्यांनी सूप उचललं आणि राहिलेली डाळ पाखडली.

पुढच्या मंगळवारी वैनी आणि मी त्यांच्याबरोबर तुळजापूरला गेलो. जाताना मोटारीत काकू खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर नैवेद्याचा डबा, हिरवं लुगडं नेसलेल्या. पायऱ्या उतरताना त्या आम्हा दोघींच्या पुढं होत्या. गोमुखाखाली हातपाय धुतले, ओटी भरली, ओटीत खण-नारळाबरोबर मूठभर मीठ ठेवलं. पुजाऱ्यांनी मीठ बघून विचारलं तेव्हा त्यांनी नवस सांगितला. पुजारी खूश झाले. म्हणाले, वा, म्हणजे यजमान घरी आले तर. काकू म्हणाल्या, खुशाल आहेत. आणि त्यांनी डोकं टेकलं. ते इतका वेळ टेकलेलंच राहिलं की मागची माणसं कुरकुरायला लागली, तेव्हा वैनींनी त्यांना खांद्याला धरून उठवलं.

जेवण पुजाऱ्यांच्याच घरी होतं. साधं वरण-भात, भाजी-भाकरी. पुजारीणबाई कौतुकानं समोर बसल्या होत्या, इतक्या वर्षांनी मीठ खाणारी बाई त्यांनी बघितली नव्हती. काकूंनी पहिला घास घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. पुजारीणबाईंनी विचारलं, मीठ कमी वाटतंय का? काकूंनी घास गिळला.

"बरोबर असंल," त्या म्हणाल्या. "मला आता कळत न्हाई."

त्यांनी आणखी दोन घास घेतले आणि ताटातच हात धुतला.

मला वाटलं होतं, आता काकू मोकळ्या होतील. चांगलंचुंगलं खातील, थोड्या भरतील. झालं उलटंच. जीभ हळूहळू सरावली असावी, कारण त्या जेवत होत्या, पण त्यांचं आमच्या दारात येणं बंद झालं. आधी मी म्हटलं, दुःख आहे, दिवस जाऊ द्यावेत. मग एका सकाळी मी विहिरीवरून येताना त्यांच्या खिडकीतून फोडणीचा आवाज ऐकला. चुर्र झालं आणि लगेच विझलं. वाटीभर आमटीची फोडणी. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाईला आता मीठ विचारायची गरजच राहिली नाही. आपली आमटी आपल्याला चाखता येते. मग वाटी घेऊन कुणाच्या दारात कशाला जायचं?

आम्हीही गेलो नाही. काय बोलायचं हेच कळत नव्हतं. पूर्वी विचारायला मीठ होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं का, असं लीलाताईंनी दबक्या आवाजात विचारलं तेव्हा सुभद्रावैनी तडकल्या, नवरा जिता आहे, कुंकू आहे, बोलवायचं नाही म्हणजे काय? बोलावलं. काकू आल्या. दरवर्षी त्यांच्या हातात आंबेडाळीची वाटी असायची, त्या दिवशी हात मोकळे होते. हळदकुंकू लावून घेतलं, पन्हं घेतलं. एरवी पन्ह्यात गूळ किती, वेलची कधी घातली हे सगळं विचारणारी बाई, पेला खाली ठेवून नमस्कार करून निघून गेली. ओट्यावरची पायरी तशीच रिकामी राहिली. कुणी नवीन तिथं बसायला लागलं तर वैनी तिला वर बोलवायच्या.

बैठक मात्र चालूच होती. कोबीच्या वड्या आल्या, टमाट्याचं सार आलं, डालड्यातले शंकरपाळे आले. लीलाताईंचा केकही एकदाचा फुगला. आम्ही एकमेकींना वाहवा म्हणत होतो. पण मला खरं सांगायचं तर त्या वाहवांचा मला कंटाळा यायला लागला होता. छान नको, मीठ सांगा, असं म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं.

मग ह्यांची लातूरला बदली झाली. सामान बांधलं. येडशीहून आगगाडी होती आणि येडशीपर्यंत बैलगाडी ठरली होती. गल्लीतल्या बायका आदल्या दिवसापासूनच डबे आणून देत होत्या, दशम्या, धपाटे, शेंगांची चटणी. काकू आल्या नव्हत्या. मी दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन परत फिरले. दार लोटलेलं होतं आणि आतून भाजल्या तिळांचा वास येत होता.

सकाळी सामान गाडीत चढलं. घर रिकामं झालं. मी शेवटचं काम म्हणून चुलीची राख उपसत होते, तोच दारात सावली पडली. काकू. हातात तीच पितळी वाटी, वर पळसाचं पान. मला एकदम मी नवी नवरी असल्यासारखं झालं, हात राखेचे आणि पदर कुठं तरी. त्या म्हणाल्या, नवीन न्हाई, जुनंच करून बघितलं. पान काढलं. आत देठासकट चिरलेली छोटी वांगी, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या दाट रश्श्यात, वर तेलाचा तवंग.

मी हात धुतले. त्या कृती सांगायला लागल्या, उभ्याउभ्याच, घाईघाईनं, आपल्याजवळ वेळ नाही हे ठाऊक असल्यासारख्या. तीळ, शेंगदाणे, खोबरं वेगवेगळं भाजायचं, एकत्र भाजायचं न्हाई. वांगी आधी तेलात परतायची. चिंचेचा कोळ शेवटी. तेल सुटंपर्यंत चमचा घालायचा न्हाई. आणि तळव्याची खळगी दाखवून म्हणाल्या, मीठ एवढं. पहिल्यांदाच त्यांनी कृतीत मीठ सांगितलं होतं.

सांगून झालं. बाहेर गाडीवान बैलांना काहीतरी बोलत होता, हे छत्री शोधत होते. काकूंच्या ओठाच्या कोपऱ्याला रश्श्याचा लाल डाग होता. त्यांनी चाखलं होतं. चाखूनच त्या आल्या होत्या.

वाटी माझ्यापुढं धरून त्या म्हणाल्या, "मीठ बघा बरं."

मी एक घास घेतला. मीठ बरोबर होतं, अगदी नेहमीसारखं. आणि बरोबर आहे म्हटलं असतं तर त्यांनी वाटी घेतली असती आणि त्या गेल्या असत्या.

"थांबा काकू," मी म्हटलं. "नीट कळलं नाही. अजून एक घास बघू द्या."

काकूंनी एकदा बाहेरच्या गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पदर आवरून त्या माझ्या उंबऱ्यावर टेकल्या.